मदत हवी आहे: गाडीतला कुबट वास काही केल्या जात नाही

चाकरमानी
गाडीत कुबट वास येतोय. गॅरेजवाल्याने आतून शाम्पू करून दिलं, थोडे दिवस बरं होतं, परत तेच. गणपतीला गावी जायचंय. आईला गाडी लागते, या वासात ती पनवेलच्या पुढे टिकणार नाही. खात्रीचा उपाय सांगा. परफ्यूमची नावं नकोत, ती सगळी झाली.

डिझेलदादा
गाडी कुठली, किती जुनी? वास दार उघडल्या उघडल्या येतो की एसी लावल्यावर? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला प्रकार आहे हा.

चाकरमानी
हॅचबॅक, पेट्रोल. वास कायमच येतो, एसी लावला की जास्त.

अन्नपूर्णा
भीमसेनी कापूर पुरचुंडीत बांधून सीटखाली ठेवा. रात्री कार्पेटवर खाण्याचा सोडा भुरभुरवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. आमच्याकडे दर पावसाळ्यात हेच करतो.

रिकामटेकडा
कापूर म्हणजे वासावर वास. आणि कार्पेट ओलं असेल तर सोड्याचा लगदा होतो, मग बसा खरवडत.

अन्नपूर्णा
आमचा तरी कधी झाला नाही.

घाटमाथा
एसीत जास्त म्हणजे दोष एसीचाच. आतली कॉइल थंड असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते. गाडी बंद केली की ती ओली कॉइल अंधारात तशीच राहते आणि बुरशी धरते. उतरायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायचा. बाहेरची हवा आत घेणारं बटणही अधूनमधून वापरा, लोक वर्षभर आतलीच हवा फिरवतात. डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा फिल्टर कधी बदललाय? बहुतेक गाड्यांत घरी बदलता येतो.

चाकरमानी
तिथे फिल्टर असतो?

घाटमाथा
झालं.

डिझेलदादा
फिल्टर बदलाच, पण वास एसी बंद असतानाही येतोय म्हणतात ना? मग कुठेतरी पाणी मुरलंय. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं फुटमॅट उचला आणि कार्पेट मुठीने जोरात दाबून बघा.

सुकटप्रेमी
मागच्या खेपेला गावाहून बोंबील आणले होते का? खरं सांगा :)

चाकरमानी
बोंबील नाही. @डिझेलदादा, ओलं लागलं. पण बायको छत्री तिथेच ठेवते, तिचंच पाणी असणार.

डिझेलदादा
छत्रीने वरचा थर भिजतो. दाबल्यावर पाणी वर येत असेल तर खालचा फोम भिजलाय, आणि शाम्पूने त्यात आणखी पाणी गेलं. पाणी बोटावर घेऊन बघा. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय, तो मोठा खर्च. साधं पाणी असेल तर बहुतेक एसीची ड्रेन नळी तुंबलीय, नाहीतर वायपरखालच्या जाळीत पाला अडकून पावसाचं पाणी आत उतरतंय. एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा, खाली थेंब पडतात का बघा. या दमट हवेत पडायलाच हवेत. झाडाखाली लावता का?

चाकरमानी
बदामाखाली. सोसायटीत नंबर तिथलाच आलाय.

विमावाला
पावसाळ्याआधी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्या. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, क्लेमला त्रास होतो.

चाकरमानी
गाडी बुडालेली नाही हो.

पुणेरी_टोला
एवढं कशाला? ओझोन मशीन मारून घ्या, अर्ध्या तासात वास खलास.

घाटमाथा
ओझोन फुफ्फुसांना वाईट, रबराला तडे पाडतो. आणि ओल तशीच राहिली तर बुरशी परत येणारच.

पुणेरी_टोला
काचा उघडून हवा जाऊ द्यायची असते. माझं रबर शाबूत आहे.

कोरेची_खिडकी
अवांतर: आईला गाडी लागते तर रेल्वेने न्या. माणगावला तासन् तास अडकून घामाघूम होण्यापेक्षा बरं.

चाकरमानी
रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि मिनिटात संपतं. मिळालं असतं तर इथे कशाला आलो असतो?
पाणी साधंच आहे. एसी लावून ठेवला, खाली एक थेंब नाही. गॅरेजवाल्याने नळीत हवेचा झोत मारला तर काळा गाळ आणि बरंच पाणी निघालं. वायपरखालून बदामाची कुजलेली पानं काढली. आता फोम वाळवायचा कसा? ऊन कुठे आहे?

डिझेलदादा
उन्हाची वाट बघू नका. ओलं खेचणाऱ्या व्हॅक्यूमने जमेल तेवढं पाणी काढा. मग सीट सोडवून कार्पेट उचला आणि खाली टेबल फॅन लावा. फोम सुटा निघाला तर घरात पंख्याखाली ठेवा, काळा पडला असेल तर टाकूनच द्या. पत्र्यावर गंज आहे का तेही बघून घ्या. सीटला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याच्याशी खेळू नका, तेवढं काम गॅरेजमध्येच करून घ्या.

चाकरमानी
पिवळा आहे. उद्या सकाळी गॅरेजला नेतो.

सुकटप्रेमी
वायपरखालची पानं माझ्याही गाडीत निघाली. थँक्यू.