दोन डबे थिनर ठेवलं की गुन्हेगार?

हिंगणा_शेड:
हिंगणा एमआयडीसीत माझं फर्निचरचं छोटं युनिट आहे. सहा कारागीर, एक स्प्रे गन, वर पत्रे. परवा एका सल्लागाराने चहा पिता पिता सांगितलं, "साहेब, तुम्ही बेकायदा आहात." का, तर कोपऱ्यात थिनरचे 20-20 लिटरचे तीन डबे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात वर्ग 'अ' चा माल, म्हणजे ज्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला पेटण्याजोगी वाफ निघू लागते ते) 23 अंशांच्या खाली, विकायचा नसला तरी विनापरवाना फक्त 30 लिटरपर्यंत ठेवता येतो. दुसरा डबा आत आला तेव्हाच मी रेषा ओलांडली होती.

गंमत बघा. हे परवाने देणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. अख्ख्या देशाची स्फोटकं, पेट्रोल आणि गॅस सिलिंडर तिथून सांभाळले जातात. आणि आपल्याच जिल्ह्यात, बाजारगावला, 17 डिसेंबर 2023 ला स्फोटकांच्या कारखान्यातल्या स्फोटात 9 जण गेले, त्यात 6 बायका. स्फोटकांचा कारखाना काही परवान्याशिवाय चालत नाही. मग कागदाने कोण वाचलं?

माझं म्हणणं एवढंच: 200 लिटरपर्यंत परवाना नको. वर्षातून अर्धा दिवस प्रशिक्षण द्या, लोखंडी कपाट सक्तीचं करा, बस.

निवृत्त_सेफ्टी:
बाजारगावचं उदाहरण इथे ओढू नका. तिथल्या मृत्यूंवरून तुमच्या थिनरला सूट मिळावी असं सिद्ध होत नाही. झालंच तर तपासणी कमी पडते एवढं म्हणता येईल, आणि ते मला मान्य आहे.

आता थिनरचं बोलू. त्यातल्या टोल्युइन या द्रावकाचा फ्लॅश पॉइंट साधारण 4 अंश. मे महिन्यात तुमच्या पत्र्याखाली 45 च्या वर पारा असतो. म्हणजे डबा उघडताक्षणी पेटण्याजोगी वाफ तयार. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते. तीन प्रश्न विचारतो, खरं सांगा. डब्यातून थिनर कशात ओतता? डब्याला अर्थिंग, म्हणजे ओतताना साठणारी स्थिर वीज जमिनीत नेणारी तार, आहे का? कॉम्प्रेसरचा स्विच किती लांब?

हिंगणा_शेड:
प्लास्टिकच्या बादलीत. नाही. चार फूट.

पण सर, हेच तर मी म्हणतोय! तुम्ही विचारलंत ते त्या सल्लागाराने विचारलंच नाही. त्याने विचारलं नकाशाच्या प्रती किती काढू आणि माझी फी कधी देता.

कळमन्याची_सून:
छोट्यांना सूट द्या म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या घरी राहायला या. मागच्या भिंतीला लागून कोल्ड स्टोरेज आहे, मिरचीची पोती भरलेलं. थंडाव्याला अमोनिया. दोन वर्षांपूर्वी रात्री वास सुटला, सासूबाईंचे डोळे आठवडाभर लाल. पळायचं कुठे, हे गल्लीत एकालाही ठाऊक नव्हतं. वारा कुठून येतोय ते बघून आडव्या दिशेने जायचं, हे मला नंतर भावाने सांगितलं.

त्या रागात मी 1989 चे घातक रसायनांचे नियम वाचून काढले. आणीबाणीचा आराखडा बनवा, आजूबाजूच्या लोकांना माहिती द्या, ही सक्ती अमोनियासाठी 60 टनांपासून सुरू होते. साठ टन! कोल्ड स्टोरेजवाल्याकडे एवढा कशाला असेल? सर्वसाधारण जबाबदारी सगळ्यांवर आहे म्हणे, पण ती माझ्या दारापर्यंत आली नाही. क्लोरीनला हीच रेषा 10 टनांवर. म्हणजे तुम्ही मागताय ती सूट आम्हाला आधीच मिळालेली आहे, फक्त भोगायला.

हिंगणा_शेड:
ताई, थिनर आणि अमोनिया एका मापाने मोजू नका. थिनर पेटलं तर माझं शेड जाईल, तुमची गल्ली नाही.

कळमन्याची_सून:
आणि शेडमधली सहा माणसं? ती कुठल्या मापात बसतात?

बे_राजेहो:
मले परवान्याचं काई समजत नाई, पण एक सांगतो. उन्हाळा लागला का आमच्याकडे लोकं थिनरचे रिकामे ड्रम घेऊन येतात. भाऊ, मधातून काप, कूलरची टाकी करायची हाय. माझ्या उस्तादानं एकदा असाच ड्रम गॅस कटरनं कापाले घेतला. झाकण उडून वरच्या पत्र्यातून आरपार गेलं. उस्ताद वाचला, भुवया गेल्या. रिकामा हाय म्हणूनच तर फुटला ना बे, भरलेला असता तर आत वाफ आन् हवा कुठं मावली असती! आता मी आधी ड्रम पाण्यानं काठोकाठ भरतो, मंग छिन्नीनं कापतो. लोकं हसतात, टाइम लागते म्हणतात.

निवृत्त_सेफ्टी:
राजेहो, तुमच्या उस्तादाच्या भुवयांनी जे शिकवलं ते आकड्यांत असं: हवेत टोल्युइनची वाफ साधारण 1 ते 7 टक्के असली की ठिणगी पुरते. भरल्या डब्यात वाफेला आणि हवेला जागाच थोडी असते. रिकाम्यात तळाशी राहिलेले चार चमचे बरोबर त्या टापूत येतात.

वकीलबाई:
फुकटचा सल्ला देते. परवाना काढून टाकला तर चौकशीला धागाच उरत नाही. अपघातानंतर न्यायालयात पहिला प्रश्न असतो, माल किती होता आणि कुणाच्या नावावर.

पण दुसरी बाजूही बघा. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर अटी घातल्या. ओळखपत्र बघा, नोंदवहीत नाव आणि पत्ता लिहा, 18 वर्षांखालच्यांना देऊ नका. मागच्या महिन्यात मी संडास धुवायला बाटली आणली, दुकानदाराने माझ्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. नियम पाळणाराच मूर्ख ठरत असेल तर हिंगणेकरांची चिडचिड मला कळते. पण तोडगा 200 लिटर नाही. एक पानी नोंदणी, नाममात्र शुल्क, आणि तपासणीला आलेल्याने सेफ्टीसाहेबांचे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. नकाशा नंतर.

हिंगणा_शेड:
एक पानी असेल तर उद्या भरतो. 200 चा आग्रह मात्र सोडत नाही, सीझनमध्ये दर चार दिवसांनी डबा आणायला इतवारीत कोण जाईल?

तूर्तास केलं ते सांगतो. स्विच भिंतीच्या बाहेर काढला, वायरमनने साडेतीन हजार घेतले. बादली फेकली, लोखंडी डबा आणि अर्थिंगची तार आणली. माल एकाच डब्यावर आणला. कारागीर म्हणतात मालक घाबरला.

निवृत्त_सेफ्टी:
घाबरला तर घाबरला. रिकामे डबे कुठे आहेत?

हिंगणा_शेड:
शेडमागे, पंधरा-वीस असतील. गुरुवारी भंगारवाला येतो.

निवृत्त_सेफ्टी:
झाकणं घट्ट लावलेली?

हिंगणा_शेड:
झाकणं पोरांनी खिळे ठेवायला घेतली. शोधायला लावलंय.