काचेवरचा हट्टी थर : तुमच्याकडे काय चढतं आणि कशाने उतरतं?

सह्यवेडा

काल संध्याकाळी आंबोली घाट उतरताना पाऊस लागला. वायपर चालू, काच बाहेरून स्वच्छ, तरी समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांचा उजेड काचभर फाकायचा आणि क्षणभर रस्ताच दिसायचा नाही. आतून बोट फिरवलं तर बोटाची लख्ख रेघ उमटली. म्हणजे थर आतला. दिवसा त्याचा पत्ताच लागत नाही.

तेव्हा बाबा आठवले. बाबा एसटीत ड्रायव्हर. सुपारीचं खांड तोंडात टाकणार नाहीत, पण खाकी शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी कायम. आईला ती पहिल्यांदा धुण्यात सापडली तेव्हा घरात जे रामायण झालं ते झालं. पुडी काचेसाठी होती. पाऊस धरला की गाडी बाजूला घ्यायची, चिमूट तंबाखू ओल्या फडक्यात धरून बाहेरून काचेवर चोळायची. मग पाणी थेंब धरून बसत नाही, सपाट वाहून जातं. वायपर मध्येच रुसला तरी गाडी रेटता यायची.

पण आतल्या तेलकटाला तंबाखूचा काय उपयोग! रात्री घरी येऊन ओला पेपर फिरवला, तर थर गेला नाही, नुसता इकडचा तिकडे झाला. तुमचे अनुभव सांगा. ड्रायव्हर लोकांचे, आजीचे, फसलेले, सगळे चालतील.

स्पॅनर

आतला थर म्हणजे डॅशबोर्डच. प्लॅस्टिक, रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं घालतात ती उन्हात गाडी तापली की उडतात आणि काचेवर जाऊन बसतात. नव्या गाडीचा वास सगळ्यांना आवडतो ना, त्यात हाच माल असतो. वर डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश मारलं असेल तर सिलिकॉनची भर. नुसत्या पाण्याने हलणार नाही.

भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब तांब्याभर कोमट पाण्यात. फडकं घट्ट पिळून एक हात मारा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल (मेडिकलवाला देतो) निम्मं, पाणी निम्मं, मायक्रोफायबरवर घेऊन पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्याने. काचेवर थेट फवारू नका, खाली डॅशबोर्डवर थेंब पडतात. दारं उघडी ठेवा, पेटणारी वस्तू आहे. आणि आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. मग रेघ राहिली तर कुठल्या बाजूची ते लगेच कळतं.

खिडकीपाशी

आडवं-उभं लय भारी!! इतकी वर्षं आत-बाहेर उठाबशा काढतेय.

कलमवाली

आंब्याखाली गाडी लावणारे कोण कोण आहेत इथे? मोहर आला की तुडतुडे, तुडतुडे आले की चिकटा. सकाळी काचेवर बारीक बारीक चकचकीत ठिपके, हात लावला की हात चिकटतो. तसंच राहू दिलं तर त्यावर काळी बुरशी धरते. आणि आमचे हे किल्ली फिरवली की आधी वायपर चालवतात. अख्ख्या काचेला बुक्का फासल्यासारखं.

ते सगळं साखरेचं असतं, त्यामुळे गरम पाण्यापुढे टिकत नाही. जुना टॉवेल गरम पाण्यात बुडवून काचेवर अंथरायचा, चहा होईपर्यंत ठेवायचा, मग ओढून घ्यायचा. घासायचं नाही. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम, थंडीत गार काचेवर उकळतं पाणी ओतलंत तर तडा ठरलेला.

गाडी दुसरीकडे लावा म्हटलं तर सासूबाई म्हणतात सावली सोडून उन्हात कशाला. यंदा कलमं किती धरली ते विचारू नका.

रांगडा

किती धरली?

कलमवाली

विचारू नका म्हटलं ना 😄

तिसरा_मजला

आमच्याकडे बोअरचं पाणी. गाडी धुणारा पहाटे पाचला येतो, बादलीभर ओततो, फडकं मारतो न मारतो की पुढच्या गाडीवर. ऊन आलं की थेंब जागच्या जागी वाळतात आणि पांढरी वर्तुळं राहतात. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार तो. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच. साबणाला जुमानत नाही, त्याला आंबट लागतं. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, टिश्यू भिजवून डागावर चिकटवून ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. सावलीत करा.

फार जुने डाग मात्र काचेलाच खातात. तिथे व्हिनेगर हरतं, सिरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या पॅडने घासावं लागतं. पुढच्या काचेवर ते माहितगाराकडूनच करून घ्या, एकाच जागी जास्त घासलं गेलं तर तिथून रस्ता लाटा आल्यासारखा दिसतो. शेजारच्या काकांनी राख आणि काथ्या घेऊन घासली. डाग गेले. आता उन्हात त्यांच्या काचेवर कोळ्याचं जाळं दिसतं. काकू सगळ्यांना बोलावून दाखवतात.

काळी_माती

चंद्रपूर. इथे कोळशाच्या धुळीचा थर पुसत नाही, मोजतो.

बागायतदार

दिंडोरीकडची गोष्ट. पावसाळ्यात द्राक्षबागांत बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची, फवारणी चालू असते. 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. शेजारच्या बागेत ब्लोअर चालू असताना रस्त्याने गेलात की निळसर तुषार काचेवर आलेच. पानावर पावसातही टिकून राहावं म्हणून तर ते मारतात, मग काचेवरून सहज कसं जाईल? शॅम्पूने घासा, भांड्यांच्या साबणाने घासा, निळी झाक तशीच. चुना आहे त्यात, त्यामुळे तिसरा_मजला म्हणतात तेच, आंबट. आमच्याकडे व्हिनेगर कोण आणतंय, आईने तांब्याच्या हंड्याची चिंच दिली. चोथा गाळून नुसता कोळ घ्या, चिंचेत चिंचोका आणि वाळू दोन्ही निघतात. पत्र्यावर ओघळू देऊ नका आणि लगेच धुवा.

बाकी बेदाण्याचा भाव पाहिलात का कोणी आज?

रांगडा

बेदाण्याचं तासगाववाल्यांना विचारा.

आमच्याकडं कोल्हापुरात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातनं काजळी उडती. वाळत घातलेली कापडं बी काळी आणि गाडी बी. हलकी असती, पण ओलं फडकं लावलं की शाई झालीच म्हणून समजा. आधी फडक्यानं झटकायची, मग लांबनं पाणी मारायचं, हात सगळ्यात शेवटी.

जोतिबाच्या चैत्र यात्रेचं पण तेच. गुलाल कोरडा हाय तोवर झटकून घ्यायचा. आमच्या भावानं डोंगर उतरल्या उतरल्या वॉशरचं पाणी मारलं, काचेच्या कडेचं रबर अजून गुलाबी हाय. पण ते कुणी साफ करायचं नाही, असं घरातल्यांनी ठरवलंय.

खिडकीपाशी

चांगभलं 🙏

मिनेवाडी

मिनेसोटातून. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर वाळला की पांढरा पडदा. वॉशरमध्ये न गोठणारं, मेथॅनॉलवालं निळं पाणी भरावं लागतं. मागे सासरे आले होते, त्यांनी मोठ्या प्रेमाने टाकीत नळाचं पाणी भरून ठेवलं, "उगाच पैसे कशाला घालवता". दुसऱ्या दिवशी टाकीत बर्फ आणि काचेवर मीठ. सासऱ्यांचं म्हणणं, गाडीत दोष आहे.

गॅरेजवाला_नाही

कुणी 2012 ची काळी फिल्म विसरलं का? सुप्रीम कोर्टाचा निकाल 27 एप्रिलला आला आणि 4 मेपासून बंदी. नियमात तसं आधीपासूनच होतं, पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड जायला हवा, पण कोर्टाने फिल्मच नको म्हटलं. मग चौकाचौकात पोलीस नखांनी फिल्म सोलताना दिसायचे. फिल्म निघायची, गोंद काचेवरच. त्यावर धूळ बसून काच फिल्मपेक्षा काळी.

आमच्या मामाच्या गाडीची आम्ही घरी काढली. हेअर ड्रायरने कोपरा गरम करायचा, सावकाश ओढायचं, मागून साबणाच्या पाण्याचा फवारा. घाई केली की फिल्म वरवरची निघते आणि गोंदाचा पापुद्रा मागे राहतो. राहिलेल्या गोंदाला रॉकेल, मग रॉकेल घालवायला साबण. बाजूच्या काचांना ब्लेड तिरकं धरून चालतं. मागच्या काचेला ब्लेड लावू नका, डीफॉगरच्या तारा काचेवर आतूनच असतात, एक तुटली की तेवढी पट्टी कायमची धुक्यात.

मामी अजून विचारते माझ्या ड्रायरला असा रॉकेलचा वास का येतो.

स्पॅनर

मागच्या काचेचं बरोबर. पुसतानाही तारांच्या दिशेने पुसा, आडवं.

आणि वायपरचं रबर कुणीच लिहिलं नाही. काच चकाचक केली तरी रबराच्या धारेवर तेल-मेण तसंच असतं, पहिल्या फेरीत ते काचेवर परत येतं. अल्कोहोलचं फडकं रबरावरून ओढा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत.

सह्यवेडा

स्पॅनर, तुमच्या पद्धतीने आज दुपारी केलं. पहिलं फडकं पिवळट करडं झालं. स्टिअरिंगच्या पाठीमागचा काचेचा खालचा कोपरा सगळ्यात वाईट निघाला, हातच पोचत नाही तिथे. पालथा हात घालून बोटांच्या पाठीने पुसावं लागलं, मान अजून वाकडी आहे.

कुकरची_शिट्टी

भात लावलाय, पटकन लिहिते. आमच्या गाडीत डॅशबोर्डवरच्या बाप्पाला रोज उदबत्ती. त्याचाही थर बसतो, जरा चिकट, वासाचा. नवऱ्याला म्हटलं फूल वाहा नुसतं, तर म्हणे तुझ्या स्वयंपाकघरातली एक्झॉस्टची जाळी बघ आधी. बघितली. विषय बदलला मी.

खिडकीपाशी

😂😂 ती जाळी सगळ्यांच्या घरची दुखरी नस आहे. सोडा आणि गरम पाणी, रात्रभर.

डेपोचा_पोरगा

सह्यवेडा, बाबा कुठल्या डेपोला? माझे वडील कुडाळला कंडक्टर होते.

सह्यवेडा

सावंतवाडी! मग दोघांनी एका गाडीत चहा नक्की सांडला असणार.

डेपोचा_पोरगा

वडील म्हणतात, तंबाखू काचेला लावायचे त्यातले निम्मे नंतर तोंडालाही लावायचे, तुमचे बाबा अपवाद. पावसात आतून वाफ धरायची तेव्हा रिठ्याच्या पाण्याचं फडकं फिरवायचे असंही सांगतायत. पुसून टाकायचं नाही, तसंच वाळू द्यायचं.

तिसरा_मजला

हो, आणि काच तेलकट असली की वाफ जास्त धरते. एसी काचेकडे सोडा आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद करा, बाहेरची येऊ दे.

नवीन_सभासद

थोडं अवांतर. सेकंडहँड गाडी घेतलीय, आधीच्या मालकाचा फास्टॅग काचेवर तसाच आहे. ओढला तर अर्धा कागद निघाला, अर्धा तिथेच. कशाने काढू?

कलमवाली

खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. मग साबण, नाहीतर तेलाचा थर वेगळा घासत बसाल.

गॅरेजवाला_नाही

ते सगळं नंतर. एका गाडीला एकच टॅग चालतो, जुना बंद झाल्याशिवाय नवा मिळायचा नाही. आधी त्या मालकाला फोन करून बँकेकडून बंद करून घ्या.

नवीन_सभासद

तो फोन उचलत नाहीये.