इपोह: गुहामंदिरं आणि जुन्या गल्ल्या एका दिवसात?

प्रश्न: क्वालालंपूरहून ईटीएस रेल्वेने मलेशियातल्याच इपोहला जातोय. सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. पेराक तोंग हे गुहामंदिर झेपेल का?

उत्तर: मंदिर झेपेल, डोंगर नाही. 1926 सालचं हे मंदिर. मोठी बुद्धमूर्ती आणि भिंतींवरची चित्रं खालीच दिसतात. माथ्यावर जायला चारशेच्या वर पायऱ्या, तो नाद सोडा. मी तर म्हणेन केक लोक तोंग हे दुसरं गुहामंदिरच करा. आत गारवा, ऐसपैस जागा, छतातून लोंबणारे चुनखडीचे सुळके, आणि मागच्या तोंडातून बाहेर पडलं की थेट बाग नि तळी. काकू निवांत बसतील.

दुसरं उत्तर: केक लोक तोंगला अनुमोदन. कॉन्क्युबाइन लेन ही जुनी गल्ली शनिवार-रविवारी टाळा, पाय ठेवायला जागा नसते. (नुसती दुकानंच झालीत तिथे, माझं आपलं मत.) आजूबाजूची जुनी दुमजली दुकानघरं बघा, पदपथावर छप्पर असल्याने ऊनही लागत नाही. मार्जरीनमध्ये भाजलेल्या बियांची व्हाइट कॉफी मात्र सोडू नका.

प्रश्नकर्ता: आभार! दोन्ही गुहा चालत होतील?

उत्तर: छे हो! एक शहराच्या उत्तरेला, दुसरी दक्षिणेला. सरळ ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) करा.