घर विकताना घेणाऱ्याच्या मागण्या: कुठवर ऐकायचं? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सौदाचिठ्ठी

दिवाळीपासून कापसाचे पैसे येऊ लागले की गावागावांत घरांचे सौदे बसतात. इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, हातात पडला की मागण्या सुरू होतात. रंग मारून द्या, दक्षिणेचं दार फिरवा, बोअरला गोडं पाणी राहील असं लिहून द्या, ताबा आताच द्या अन् बाकी तूर विकली की घ्या.

माझं मत असं की इसार घेतल्यावर विकणाऱ्याने घराला हात लावू नये. मागणी पटली तर तिचे पैसे किमतीतून कमी करा, पण काम करून देऊ नका. काम केलं की गवंडी कोणता, सिमेंट किती, रंग कोणता, हे वाद तुमच्या गळ्यात पडतात. रंगाचे २५ हजार कमी केले की तो विषय तिथेच मिटतो आणि इसारचिठ्ठीत एका ओळीत लिहिता येतो.

तीन मागण्यांना मात्र पैसे कमी करूनही हो म्हणू नये.

पहिली, आधी ताबा. सामान एकदा आत गेलं की बाहेर काढायला दिवाणी दावा लागतो. शिवाय ताबा दिल्याचं लिहिलेल्या इसारचिठ्ठीवर आपल्या राज्यात खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

दुसरी, खरेदीखतात कमी किंमत दाखवून वरचे पैसे रोख घेणं. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्याने तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो रोख स्वीकारणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. मुद्रांक तर सरकारी बाजारमूल्य आणि लिहिलेली किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतो, त्यामुळे घेणाऱ्याचंही वाटतं तेवढं वाचत नाही. उद्या तोच घर विकायला निघाला की कागदावरची खरेदी कमी असल्याने नफा फुगलेला दिसतो आणि कर त्याच्या अंगावर येतो. हे समजावून सांगितलं की निम्मे लोक मागणी सोडतात.

तिसरी, पाण्याची हमी. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात, जमिनीखालचं पाणीच खारट आहे. ३०० फूट खोदा की ५०० फूट, गोडं लागेल असं कोणी कसं लिहून देणार?

पूर्णाकाठ

पटलं नाही. "अवाजवी" हा शब्द विकणारे फार लवकर काढतात. विकणारा पैसे घेऊन नागपूर-पुण्याला जातो, भेगा अन् भाऊबंदकी घेणाऱ्याच्या वाट्याला येते.

पाण्याचंच बघा. हमी मागणं चूक, हे मान्य. पण तपासणी मागणं चूक नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत प्रश्न फ्लोराइडचा आहे, त्याची मर्यादा १ आणि फार तर १.५. नमुना प्रयोगशाळेत द्या अन् अहवाल इसारचिठ्ठीला जोडा. बोअर सलग तीन तास चालवून पाणी तुटतं का ते घेणाऱ्यासमोर बघा. दिवाळीत प्रत्येक बोअर भरलेली असते, म्हणून मे महिन्यात पाणी किती तास चालतं हे विकणाऱ्याने खरं सांगावं. माहीत असलेला आणि साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष सांगणं हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच विकणाऱ्याचं कर्तव्य आहे.

कागदांचंही तसंच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नाही. स्वामित्व या सरकारी योजनेत गावातल्या घरांची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल तर ती मागावीच. घर वडिलांच्या नावावरून आलं असेल तर सगळ्या बहिणींच्या सह्या किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागावं. "बहिणी काही म्हणत नाहीत" या उत्तरावर लाखो रुपये देणारा माणूस हट्टी ठरत नाही.

गवंडीकाम

दोघायनं भिंतीचं सोडूनच देल्लं. काळ्या मातीतल्या घराले भेग पडते, हे विकणाऱ्याले बी ठाऊक अन् घेणाऱ्याले बी. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आखडते. मे महिन्यात भेग बुजवली तं जुलैत ते बुजवलेलं बाहेर फेकते. म्हणून "आत्ता भेगा बुजवून द्या" ही मागणी बेकाम आहे, पैसे वाया जातात. पण "पैसे कमी करा" हे बी आंधळंच आहे, कारण भेग थांबली का चालूच आहे हे कोनाले माहीत? भेगीवर काचीची पट्टी सिमेंटनं चिकटवा, तारीख लिवा. काच तडकली तं भेग चालू हाये.

भेग बहुतेक वेळा पान्यापायी वाढते. न्हानीचं पानी भिंतीच्या बुडाशी मुरते, नाहीतं टिनाचं पानी तिथंच पडते, नाहीतं कडुनिंब भिंतीले लागून रायते. पानी बंद करा, भिंतीभवती ३ ते ४ फूट रुंद काँक्रीटचा पट्टा घाला, फुटाले अर्धा इंच उतार बाहेर. एक हंगाम जाऊ द्या, मंग प्लास्टर फोडून दर दोन फुटावर ८ मिमीची सळई भेगीच्या आडवी बसवा अन् बुजवा. हे नालीचं अन् पट्ट्याचं काम विकणाऱ्यानं सौद्याच्या आंधीच करावं, असं माहं म्हननं हाये. "घराले हात लावू नये" हे मले पटत नाही.

दार फिरवाचं म्हनाल तं साफ नाही म्हना. नऊ इंची विटांची भिंत स्लॅबचा भार घेते. टेकू न देता फोडली तं वरचा भाग खचते. लिंटल, म्हंजे दारावरची आडवी तुळई, दोन्हीकडं निदान सहा इंच भिंतीत बसलं पायजे अन् कमीतकमी १४ दिवस पानी माराव लागते. मातीच्या भिंतीत तं नवीन दार पाडूच नये.

सौदाचिठ्ठी

न्हाणीच्या नालीचं मान्य. ते इसाराच्या आधीचं काम आहे, माझा विरोध इसारानंतरच्या कामाला आहे. काचेच्या पट्टीचा उपाय चांगला. सौदा नोव्हेंबरात बसला तर पट्टी तेव्हाच लावावी आणि खरेदीखताच्या दिवशी दोघांनी मिळून बघावी. सह्यांच्या बाबतीत पूर्णाकाठ यांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे, ती मागणी मी अवाजवी म्हणणारच नाही.

पूर्णाकाठ

मग हप्त्यांचं बोला. "आधी ताबा नाही" इथवर ठीक, पण "पैसे एकरकमी आणा" हे गावात चालत नाही. कापसाचा पहिला वेचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा त्यानंतर. १२ लाखांच्या सौद्यात २ लाख इसार, ४ लाख डिसेंबरअखेर, ६ लाख मार्चमध्ये खरेदीखताच्या दिवशी, ही मागणी रास्तच आहे.

दुसरं, बँकेचं कर्ज. नुसत्या नमुना ८ वर कर्ज द्यायला बँका कचरतात. त्यामुळे ४५ दिवसांत मंजुरीपत्र आलं नाही तर इसार परत, ही अट घेणाऱ्याने मागितली तर विकणाऱ्याने चिडू नये.

सौदाचिठ्ठी

हप्ते चालतील, पण तारखांसकट आणि चेकने किंवा खात्यात. "माल विकला की" असं लिहायचं नाही, कारण भाव पडले की माल घरातच राहतो आणि मुदत लांबत जाते. ३१ डिसेंबर म्हणजे ३१ डिसेंबर. हप्ता चुकला तर १५ दिवसांची लेखी नोटीस, त्यानंतर सौदा रद्द आणि इसारातून किती रक्कम कापली जाईल तो आकडाही चिठ्ठीतच लिहावा. कर्जाच्या अटीवर मात्र माझी एक पुरवणी आहे: अर्ज इसारापासून १० दिवसांत केल्याची पोच दाखवली तरच इसार परत. नाहीतर काही लोक दुसरं स्वस्त घर सापडेपर्यंत हे घर अडवून ठेवतात.

आंगण-ओसरी

एक राहिलं. "अंगणातली चिंच तोडून द्या" ही मागणी आली तर लगेच कुऱ्हाड उचलू नका. चिंच, आंबा, मोहा, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, घरच्या जागेतली असली तरी परवानगी लागते. आणि काळ्या मातीत मोठं झाड एकदम काढलं तर त्याने शोषलेलं पाणी मातीत परत साठतं, माती फुगते आणि भिंत उचलली जाते. गवंडीकाम यांनी यावर लिहावं.

कुलर, मोटार, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर, पंखे यांची यादी मात्र इसाराच्याच दिवशी करा, किती पंखे तेही. ऐन ताब्याच्या दिवशी मोटारीवरून सौदे अडतात.

गवंडीकाम

बरोबर हाये. झाड भिंतीपासून त्याच्या उंचीइतकं दूर असंल तं सहसा धोका नाही. जवळ असंल तं एकदम बुडातून काढू नये, दोन-तीन वर्षं फांद्या छाटत छाटत कमी करावं. ते काम घेणाऱ्यानंच करावं, त्याच्याजवळ वेळ हाये. अन् कवेलूचं, म्हंजे मातीच्या कौलाचं, घर असंल तं मे महिन्यात कवेलू फेरून घेनं हे ज्याच्याजवळ ताबा त्याचं काम. मार्चमध्ये खरेदीखत झालं तं घेणाऱ्याचं, जूनमध्ये झालं तं विकणाऱ्याचं. हे बी चिठ्ठीत लिवा.