कढीपत्ता, तुळस, गवती चहा थंडीत घरात कसे घ्यावेत? (न्यू जर्सी)

डेकवरची_बाग:
मध्य न्यू जर्सी. डेकवर तीन फुटी कढीपत्ता (10 इंची कुंडी), तुळस, गवती चहा आणि पानओवा आहे. रात्रीचं तापमान आता 52-53 फॅरनहाइटवर आलंय. घरात दक्षिणेची खिडकी एकच आणि नेमका तिच्याखालीच हीटिंगचा व्हेंट. कढीपत्ता आत आणला की सगळी पानं गाळतो असं ऐकलंय. हे कशामुळे होतं? आणि पाणी किती घालायचं?

काळीमाती:
रात्री 50 च्या खाली (10 सेल्सियस) जायला लागलं की कढीपत्ता आत घ्या, पहिल्या हिमाची वाट बघू नका. पण उन्हातून थेट दिवाणखान्यात नको. आधी सात-आठ दिवस डेकवरच सावलीच्या कडेला ठेवा. प्रकाश एकदम कमी झाला की झाडाला आहे तेवढी पानं पोसता येत नाहीत, म्हणून ते ती गाळतं. थोडी गळ तरीही होणारच.

खरा घोळ त्यानंतर होतो. पानं गळलेली बघून माणसं पाणी वाढवतात. पानं कमी म्हणजे झाड पाणीही कमी ओढतं, माती ओली राहते आणि मुळं कुजतात. थंडीत कढीपत्ते गारठ्यापेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. बोट दोन इंच खुपसून बघा, कोरडं लागलं तरच कोमट पाणी घाला, ताटलीत उतरलेलं ओतून टाका. पूर्ण निष्पर्ण झालं तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत अजिबात नको.

खोड नखाने किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, फेकू नका.

व्हेंटवर पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डिफ्लेक्टर लावून हवा खोलीकडे वळवा. पानं काचेला टेकू देऊ नका, कडाक्याच्या रात्री टेकलेली पानं काळी पडतात. उजेड कमी पडत असेल तर एलईडी ग्रो लाइट शेंड्यापासून फूटभर वर, टायमरवर 12 ते 14 तास.

पानोपानी:
आत आणण्याआधी कीड बघा, हे राहिलंच. बाहेर पाऊस आणि किडे खाणारे किडे तिला आवरतात. घरातल्या उबदार कोरड्या हवेत लाल कोळी पंधरा दिवसांत झाड व्यापतो. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पडलेले टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले, तर तो कोळीच. पानं चिकट लागली तर मधल्या शिरेवर तपकिरी खवले शोधा. ते 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावे लागतात, कारण कवचामुळे फवारणी आतपर्यंत पोचत नाही.

बाकीसाठी पानांची खालची बाजू होजच्या जोरदार धारेने धुवा. मग लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि अर्धा चमचा लिक्विड सोप मिसळून संध्याकाळी फवारा. गार पाण्यात हे तेल गोठतं आणि नोझल तुंबतं. अंडी नंतर फुटतात, म्हणून सात-सात दिवसांनी अजून दोनदा. पानं फोडणीत टाकण्याआधी स्वच्छ धुवायचीच.

एक कळकळीची विनंती: घरातल्या शोभेच्या झाडांसाठी मातीत घालायचे कीटकनाशकाचे दाणे मिळतात, ते यात घालू नका. ते मुळांतून पानात जातं, धुऊन निघत नाही. ही खायची पानं आहेत.

वृंदावन:
जुनी तुळस खोडाने लाकडासारखी झाली असेल, तर ती हिवाळा काढेलच असं नाही. तिच्यावरच भिस्त ठेवू नका. मंजिरी न आलेले चार इंची शेंडे खुडा, खालची पानं काढून पाण्यात ठेवा आणि पाणी एक दिवसाआड बदला. दोनेक आठवड्यांत मुळं फुटतात. ती इंचभर झाली की कुंडीत लावा. वाळलेल्या मंजिऱ्यांचं बी कागदाच्या पुडीत जपा. मार्चमध्ये घरातच पेरा, वर माती जवळजवळ नकोच.

गवती चहाला खिडकीची जागा देऊ नका. पात सहा इंचांवर कापून फ्रीझरमध्ये टाका, ठोंब बेसमेंटमध्ये ठेवा. 40 च्या खाली जायला नको. महिन्यातून एक-दोनदा थोडं पाणी.

डेकवरची_बाग:
मनापासून धन्यवाद. पानओव्याचं? आणि कढीपत्ता आत्ताच मोठ्या कुंडीत हलवू का?

काळीमाती:
नको. मोठ्या कुंडीतली जादा माती हिवाळाभर ओलीच राहील. कुंडी बदलणं आणि छाटणी दोन्ही मार्चअखेर, नवे कोंब दिसले की. पानओव्याची दोन-तीन पेरं तोडून दिवसभर सुकू द्या आणि ओलसर मातीत खोचा. मूळ झाड अवजड असेल तर सोडून दिलंत तरी चालेल. मे मध्ये बाहेर नेतानाही आधी आठवडाभर सावली, नाहीतर घरात आलेली कोवळी पानं उन्हाने पांढरी पडतात.