निबंधाचं थिसिस स्टेटमेंट जमेना, विषय किल्लारीचा भूकंप

औश्याची_लेक:
नमस्कार. मी लातूरला बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, गाव औसा तालुक्यात. आम्हाला दीड हजार शब्दांचा निबंध दिलाय, विषय 'माझ्या भागातली एक आपत्ती'. मी किल्लारीचा भूकंप घेतला. आजीकडून ऐकलेलं सगळं लिहिलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती शिरवून माणसं नुकतीच आडवी झालेली. दहा हजारांच्या आसपास जीव गेले.

मसुदा परत आला. पहिल्या पानावर लाल पेनानं एवढंच लिहिलेलं, "माहिती चांगली आहे. पण तुझं म्हणणं काय?"

माझं सुरुवातीचं वाक्य असं होतं: "किल्लारी येथे १९९३ साली झालेला भूकंप ही मराठवाड्याच्या इतिहासातील अत्यंत दुःखद घटना असून तिचे दूरगामी परिणाम झाले." यात चुकलं काय तेच कळेना. थिसिस स्टेटमेंट पाहिजे म्हणतात, म्हणजे नेमकं काय पाहिजे? सोमवारी परत द्यायचाय.

उदगीरकर:
पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी "या निबंधात मी भूकंपाची कारणे, परिणाम व उपाय मांडणार आहे" असं टाक. आमच्या वेळी चालायचं.

अंबाजोगाईची_बाई:
उदगीरकर, राग मानू नका, पण ते वाक्य पोरीला लिहू देऊ नका. ती अनुक्रमणिका झाली. बावीस वर्षं मी हे गठ्ठे तपासतेय. 'कारणे, परिणाम व उपाय' दिसलं की पुढची चार पानं कशी असणार ते न वाचताच कळतं, आणि पोरगं हुशार असलं की जास्तच वाईट वाटतं.

बाळा, तुझं वाक्य खोटं नाही. अडचण अशी की ते खोडायला कुणीच येणार नाही. मी वर्गात सांगते, आपलं वाक्य गावच्या पारावर मोठ्यानं म्हणून बघा. "भूकंप दुःखद होता" म्हणालीस तर सगळे मान हलवतील आणि विषय तिथंच संपेल. पण "माणसं भूकंपापेक्षा घरांमुळं गेली" असं म्हण. कुणीतरी नक्की विचारेल, "अगं, भुई हादरलीच नसती तर घरं पडली असती का?" त्या माणसाला उत्तर देताना तुला जे जे सांगावं लागेल, तोच तुझा निबंध. तसा माणूस उठवणारं वाक्य म्हणजे थिसिस.

हे वाक्य मी तुला आयतं देत नाहीये, ते तुझ्या सामानातूनच यायला पाहिजे. आजीला फोन लाव आणि रडण्याच्या आधीचं विचार. घर कसं होतं? भिंत किती जाड? आमच्याकडची जुनी घरं मी पाहिलीत. दोन-अडीच फुटांची भिंत, बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि खपल्या. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. मे महिन्यात अशा घरात पाऊल टाकलं की जीव निवायचा. हे सगळं निबंधात आलं पाहिजे, कारण लोकांनी अशी घरं मूर्खपणानं बांधली नव्हती.

आता पारावरचा दुसरा माणूस. तो म्हणेल, "वेळच वाईट होती, सगळे गाढ झोपेत." त्याचं खरं आहे. ते लपवू नको, वाक्यातच घे. त्यासाठी आपल्या भाषेत 'जरी–तरी' आहे. समोरच्याचं 'जरी'त ठेवायचं, आपलं 'तरी'त.

आणि "सरकार जबाबदार" असं काही भरात लिहून बसू नको. तो भाग तेव्हाच्या भूकंप-नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दीड हजार शब्दांत तुला ते सिद्ध करता येणार नाही. जेवढं पेलवेल तेवढंच म्हण.

सिव्हिल_उमरगा:
बाईंच्या म्हणण्यात एक भर. 'मातीची घरं पडली' असं ढोबळ लिहू नका, कुणी सिव्हिलवाला वाचेल तर तिथंच अडेल. जीव घेतला तो मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या वजनानं. त्याच भागातल्या कुडाच्या, गवती छपराच्या खोपी हलक्या असल्यानं बऱ्याच तगल्या. म्हणजे हादरा तोच, घर वेगळं. तुमच्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. नकाशाचं म्हणाल तर २००२ साली तो सुधारला आणि हा भाग झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला.

औश्याची_लेक:
काल रात्री आजीशी तासभर बोलले. मी हे आधी कधीच विचारलं नव्हतं. दरवर्षी मिरगाच्या आधी माळवदावर पांढरीची माती चढवायचे, गळू नये म्हणून. जुनी काढत नव्हते. आजी म्हणाली, "माझ्या सासूनं टाकली, मी टाकली, थर वाढतच गेला." आणि मग बराच वेळ बोललीच नाही.

आता असं लिहिलंय: "किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा माणसं गाढ झोपेत होती हे जरी खरं असलं, तरी एवढे जीव गेले ते मुख्यतः घरांच्या बांधणीमुळं, उन्हापासून जपणाऱ्या जाड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षं माती चढवलेलं माळवद हेच त्या पहाटे अंगावर आलं."

'मुख्यतः' काढू का? वाक्य कच्चं वाटतंय त्यानं.

अंबाजोगाईची_बाई:
काढू नको. झोपेची वेळ तू मान्य केली आहेस, म्हणून तो शब्द तिथं लागतोच. 'अंगावर आलं' यालाही कुणाला हात लावू देऊ नको.

आता दुसऱ्या पानावर गणपतीच्या मिरवणुकीचं जे असेल ते निम्मं कर. ते तुझ्या 'जरी'तलं आहे. सासूनं टाकली, मी टाकली, हे मात्र आजीच्याच शब्दांत घे. उमरग्याच्या दादांनी सांगितलेल्या खोपी त्याच्या लगेच खाली. शनिवारपर्यंत झालं तर इथं टाक, मी वाचते.