मदत हवी आहे: मुलाचं अपेंडिक्स ऑपरेशनशिवाय बरं होईल का?

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा. काल बेंबीभोवती दुखत होतं, आज उजवीकडे खाली. ॲडमिट केलंय. सोनोग्राफीत अपेंडिक्स ९ मिमी, पू नाही, खडा दिसला नाही. पांढऱ्या पेशी १४,०००. सर्जन म्हणतात, ऑपरेशन किंवा अँटिबायोटिक, दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा. रात्रीपर्यंत सांगायचंय. काय विचारून घेऊ?

प्रतिसाद १: ताई, आकडे तरी औषधाच्या बाजूचे आहेत. अमेरिकेतल्या २०२० च्या मोठ्या अभ्यासात ७ ते १७ वर्षांची मुलं होती. अटी अशा: दुखणं ४८ तासांच्या आतलं, पांढऱ्या पेशी ५,००० ते १८,०००, अपेंडिक्सची जाडी ११ मिमीपर्यंत, पूची गाठ नाही, खडा नाही.

खड्याची अट हलक्यात घेऊ नका. हा खडा म्हणजे पोकळीत अडकलेला घट्ट मळ. औषधाने सूज उतरली तरी तो अडथळा तसाच राहतो आणि आतला दाब पुन्हा वाढतो. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना नेमकं विचारा: अपेंडिक्स टोकापर्यंत दिसलं का? अर्धंच दिसलं असेल तर 'खडा दिसला नाही' याला फारसा अर्थ नाही.

आणि औषधोपचार म्हणजे गोळ्या घेऊन घरी जाणं नव्हे. निदान २४ तास शिरेतून अँटिबायोटिक. पहिले १२ तास तरी तोंडाने काही नाही, सलाईनवर. मधूनमधून पोट दाबून तपासणी. उतार पडला की खाणं सुरू, मग तोंडावाटे औषध, सगळं मिळून ७ दिवस. २४ तासांत फरक नाही किंवा दुखणं वाढतंय, तर वाट बघायची नाही, ऑपरेशन.

प्रतिसाद २: यशाचं प्रमाणही माहीत असू द्या. त्या अभ्यासात सुमारे ६७ टक्के मुलांना वर्षभरात ऑपरेशन लागलं नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या चाचणीत औषधाच्या गटात ३४ टक्के मुलांचा उपचार वर्षाच्या आत फसला. मृत्यू कुठल्याच गटात नाही. म्हणजे तिघांतलं एक मूल परत येतं. अपरात्री दुखलं तर सर्जन असलेल्या रुग्णालयात लगेच पोचता येत नसेल, तर माझ्या मते दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाकलेलं बरं. पोचता येत असेल, तर औषध देऊन बघणं रास्त आहे.

प्रश्नकर्ती: टोकापर्यंत दिसलंय म्हणाले. वेदनाशामक दिलं तर दुखणं झाकलं जाईल का? आणि घरी गेल्यावर काय बघायचं?

प्रतिसाद १: डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामकाने निदान चुकत नाही, मुलाला कळ सोसायला लावू नका. घरी सात दिवसांचा कोर्स पुरा करा. एनिमा, जुलाबाचं औषध अजिबात नको. पुन्हा उजवीकडे दुखलं तर उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका: अर्ध्यामुर्ध्या औषधाने ताप दबतो आणि निदान लांबतं. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे जोरात दुखणारं पोट एकदम शांत होणं. अपेंडिक्स फुटलं की दाब सुटतो, काही तास बरं वाटतं, मग पोटभर दुखतं, पोट कडक होतं, ताप चढतो. असं एकदम थांबलं तरी त्याच घटकेला न्या, आणि निघताना खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.